एका हातापुरतं भांडं

शाळेत मधल्या सुट्टीत आता मी डबा खाते. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण मागच्या वर्षी पाच-सहा महिने मी त्या वीस मिनिटांत फक्त फोन लावत बसायचे. सासूबाई घरी एकट्या असायच्या, आणि त्यांनी फोन उचलेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे. डबा जसा नेला तसा परत यायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे सुना सासूला आत्याच म्हणतात. मारुंजीत रस्त्याला लागून आमचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वर चार खोल्या भाड्याने दिल्यात. शेत बरंचसं विकून झालं, तिथे आता पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत. घरामागे एक चिंचोळी पट्टी तेवढी राहिली, तिच्यात आत्यांच्या मिरच्या, वांगी आणि शेवग्याची दोन झाडं. नवऱ्याचा टेम्पो आहे, तो सकाळी निघाला की संध्याकाळी येतो. मी हिंजवडीच्या अंगाला एका शाळेत बालवर्गाला शिकवते. मुलगी कोल्हापूरला वसतिगृहात. म्हणजे दिवसभर घरात आत्या आणि वरच्या भाडेकरूंच्या बंद खोल्या.

माझं माहेर पौडचं. लग्न होऊन मारुंजीत आले त्याला अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत स्वयंपाकघर आत्यांचंच होतं. मी चिरायचं, वाटायचं, भांडी आवरायची; चुलीपुढे आणि नंतर गॅसपुढे उभं राहायचं ते त्यांनी. आमटीत मीठ मी घातलं तर त्या चव घेऊन चिमूटभर पुन्हा घालायच्या. बरोबर असलं तरी घालायच्या. सुरुवातीला मला राग यायचा, नंतर मीच थोडं कमी घालायला शिकले.

थंडीचे दिवस होते. सकाळी मी मुळा चिरत होते आणि आत्या भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज मधेच थांबला. मी वळून बघितलं तर त्यांचा उजवा हात परातीत तसाच पडलेला, पिठावर. मला वाटलं पिठात खडा लागला.

“हात चालंना गं,” त्या म्हणाल्या. शब्द जिभेवरून घसरत बाहेर आले. तोंडाची एक बाजू खाली ओढल्यासारखी झाली होती.

नवरा टेम्पो धुवत होता. त्याने त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मी धरून बसले आणि आम्ही दवाखान्यात पोचलो. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे दहा दिवस काढले. आत्या घरी आल्या त्या काठी टेकत का होईना, पण चालत आल्या. महिन्याभरात बोलणंही सरळ झालं. उजवा हात मात्र खांद्यापर्यंत उचलला जायचा आणि बोटं नुसती लोंबायची. मूठ वळत नव्हती. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, तो चेंडू दिवसातून दहा वेळा खाटेखाली जायचा.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मला मनातून बरं वाटत होतं. आत्या वाचल्या म्हणून तर वाटलंच, पण स्वयंपाकघर हाती आलं म्हणूनही वाटलं. मी डब्यांच्या जागा बदलल्या. मिसळणाचा डबा उजवीकडून डावीकडे आणला. शेंगदाण्याचा कूट काचेच्या बरणीत भरला. आत्या दारात खुर्ची टाकून बघत बसायच्या, काही बोलायच्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला सोयीचं वाटलं.

मग एका पहाटे दुधाचं झालं. मी अंघोळीला गेले होते. आत्यांनी डाव्या हाताने दूध तापायला ठेवलं आणि ते वर येताना एका हाताने पातेलं उतरवायला गेल्या. पातेलं कलंडलं. पायावर दूध सांडलं, वर ओट्यावर उतू गेलेल्या दुधाने गॅस विझला आणि तसाच सुरू राहिला. मी बाहेर आले तेव्हा घरभर वास होता आणि आत्या भिंतीला टेकून पाय धरून बसल्या होत्या. पायाला फोड आले, ते पंधरा दिवसांत बरे झाले. पण नवरा हादरला.

“आई, तू यापुढं गॅसला हात लावायचा न्हाई. लागंल ते ती करून ठेवंल,” तो म्हणाला.

आत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. “बरं,” एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून शाळेत जाताना मी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटावर ठेवायला लागले. आत्यांच्या समोर नाही, त्या बाथरूममध्ये गेल्या की. सकाळीच पोळी-भाजी करून डब्यात भरून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवायची, पाण्याची बाटली, औषधाची डबी, आणि फोन. दुपारी फोन केला की त्या म्हणायच्या, “व्हय, जेवले.” संध्याकाळी डबा घासून पालथा घातलेला असायचा. तरीही मला धास्ती वाटायची. फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही की मी लगेच पुन्हा लावायचे.

मार्चमध्ये एकदा शाळा लवकर सुटली. मी मागच्या दाराने आले. आत्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या आणि डब्यातली भाजी-पोळी शेजारच्या कुत्रीपुढे टाकत होत्या. कुत्री चांगली गुबगुबीत झाली होती. मला बघून आत्या दचकल्या नाहीत, लपवलंही नाही.

“आत्या, हे काय?”

“गार अन्न जात न्हाई मला. आयुष्यात कधी गार खाल्लं न्हाई, आता काय जाणार?”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगून काय करतीस? गॅसचं डोकं तर तू कपाटावर ठिवलंस.”

मला वाटत होतं त्यांना ठाऊक नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिथेच पायरीवर बसले. मग माझं लक्ष त्यांच्या दंडाकडे गेलं. चोळीची बाही, जी पूर्वी घट्ट बसायची, ती आता झोळीसारखी लोंबत होती. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वजन बघून विचारलं, “घरात यांना जेवायला देता ना?” नवरा मान खाली घालून उभा राहिला. मीही.

आम्ही प्रयत्न केले. गरम राहणारा डबा आणला, तर आत्या म्हणाल्या त्यात पोळीला घाम येतो. शेजारणीला दुपारी अन्न गरम करून द्यायला सांगितलं, तर आत्या तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून तिला परत पाठवायच्या. “कुणाच्या बाईनं येऊन माझ्या घरात मला वाढायचं?” असं त्यांचं म्हणणं. मी नोकरी सोडते असं एकदा म्हटलं, तेव्हा त्या इतक्या चिडल्या की दिवसभर बोलल्या नाहीत.

मे महिन्यात वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी मुलगी खोली सोडून निघाली. ती जबलपूरची, हिंजवडीत कामाला होती, आता दुसऱ्या कंपनीसाठी बंगळूरला चालली होती. जाताना तिने आपला छोटा ओव्हन खाली आणून दिला. त्याच्यासोबत एक भांडंही होतं. स्टोनवेअर म्हणाली. आपल्या पोळपाटाहून थोडं लहान, गोल, काठ दोन बोटं उंच, दोन्ही बाजूंना धरायला कान. बाहेरून गुळासारखा रंग, आतून बिनचकाकीचं आणि वापरून वापरून तपकिरी झालेलं. हातात घेतलं तर केवढं जड!

“आंटी, इसे साबुन से मत धोना,” ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि तिची कॅब सुटेस्तोवर विसरूनही गेले.

ती गेल्यावर मी ते भांडं साबणाने खसाखसा घासलं. आतला तपकिरी रंग मला मळ वाटला. मग त्यात शेंगदाणे घालून ओव्हनमध्ये भाजले. शेंगदाणे अगदी एकसारखे भाजले गेले, एकही करपला नाही. मी खूश होऊन कूट केला, काकडीच्या कोशिंबिरीत घातला. आत्यांनी एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

“साबण लावलास व्हय त्या भांड्याला?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कुटाला वास मारतोय साबणाचा. आण ते हिकडं.”

मी भांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी त्याच्यावर टकटक वाजवून बघितलं, आतून तळवा फिरवला, पालथं करून बुड बघितलं. किती दिवसांनी त्या कुठल्या वस्तूकडे अशा बघत होत्या.

“ही तर लोणच्याच्या बरणीची माती हाय,” त्या म्हणाल्या. “बरणीला काच चढवत्यात, ह्याला आतनं चढवली न्हाई, एवढंच. माझ्या आईकडं असलं परळ होतं, मातीचं. त्याला कधी साबण लावला न्हाई आमी. माती सगळं पिऊन घेती.”

त्यांनी मला बेसन आणि जाडं मीठ आणायला लावलं. भांडं दोन पायांच्या मधे धरून डाव्या हाताने अर्धा तास चोळलं. मी “द्या, मी करते” म्हटलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साध्या गरम पाण्याने धुऊन दोन दिवस मागच्या पायरीवर उन्हात ठेवलं. मग तेलाचं बोट फिरवून ओव्हनमध्ये नुसतंच तापवलं, निवू दिलं, पुन्हा तेल लावून पुन्हा तापवलं. तिसऱ्या वेळी वास गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या भांड्याचं नाव परळ पडलं.

तापवताना आत्या ओव्हनच्या काचेला नाक लावून बसल्या होत्या.

“ह्या पेटीत जाळ कुटं हाय?”

“जाळ नाही, आत्या. वर आणि खाली त्या तारा तापतात.”

“आन् बंद कोण करतं?”

“कुणी नाही. ही चकती फिरवायची, वीस मिनिटांवर नाहीतर तीसवर. वेळ झाली की टिंग वाजतं आणि आपोआप बंद होतो.”

“आपोआप?”

“आपोआप.”

त्यांचा विश्वास बसला नाही. पाच मिनिटांवर लावून त्यांनी तो तीन वेळा बंद होताना बघितला. तिसऱ्यांदा टिंग वाजल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाजणी हाय का घरात?”

शाळेला सुट्टी होती म्हणून मला सगळं बघायला मिळालं. ओट्याजवळ खुर्ची ठेवली. परळाखाली ओलं फडकं घातलं. खरं तर त्याची गरजच नव्हती. पूर्वी आत्यांनी डाव्या हाताने पीठ भिजवायचा प्रयत्न केला होता तेव्हा स्टीलची परात बोट लावलं की गोल फिरायची, आणि दुसऱ्या हाताने धरता येत नसल्यामुळे त्या रडकुंडीला यायच्या. हे भांडं आपल्याच वजनाने जागेवर बसून राहिलं. आत्यांनी परळातच भाजणी घेतली, मी चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घातली, तिखट, हळद, तीळ, ओवा. त्याच भांड्यात पाणी घालून त्यांनी डाव्या हाताने भिजवलं आणि तिथल्या तिथेच थापायला सुरुवात केली. लाटायला नको, उचलायला नको, तव्यावर टाकायला नको. गोळा भांड्याच्या काठाकडे सरकत गेला. शेवटी एका बोटाने मधे पाच भोकं पाडली आणि भोकांत तेल सोडलं.

“ठेव आत,” त्या म्हणाल्या.

पहिलं थालीपीठ वरून करपलं आणि खालून ओलसर राहिलं. नवऱ्याने तेही खाल्लं. दुसऱ्या दिवशी आत्यांनी परळ खालच्या जाळीवर ठेवायला सांगितलं आणि आच कमी करून वेळ वाढवली. ते छान झालं. तिसरं त्याहून बरं. पीठ जरा सैल ठेवायचं, बुडाला तेल थोडं जास्त लावायचं, हे सगळं त्यांनीच ताडलं. चवीला ते तव्यावरच्या थालीपिठासारखं नव्हतं. कडेने खरपूस आणि आत लुसलुशीत, थोडं भाकरीच्या जवळ जाणारं. पण गरम होतं, आणि आत्यांनी स्वतः केलेलं होतं. त्या अख्खं खायला लागल्या.

आता प्रश्न उरला तो तापलेलं परळ बाहेर काढण्याचा. एका हाताने ते निघणं शक्य नव्हतं. नवरा म्हणाला, “बघ, हितंच भाजणार ती. पुन्हा दुधावानी व्हायचं.” दोन दिवस आत्यांनी त्यावर विचार केला असावा, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवलं.

“मला ते बाहेर काढायचंच न्हाई. गार असताना तू जायच्या आधी आत ठेवून जा. मी खुर्चीवर बसून हितंच आतल्या आत भिजवीन, थापीन. टिंग झालं की दार उघडायचं आन् गप बसायचं. सिरियल संपंस्तोवर पेटी निवती, पर परळ ऊन राहतंय. मग उलथन्यानं तुकडा काढायचा आन् खायचा.”

खालची जाळी अर्धी बाहेर ओढून, ओव्हनच्या उघड्या दारावर कोपर टेकून त्यांनी ते करून दाखवलं. खरंच, अर्ध्या-पाऊण तासाने सुद्धा तुकडा हाताला ऊन लागत होता. सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज तालीम केली. मी बाहेरच्या खोलीत बसायचे, आत जायचं नाही असं ठरवून. आतून खुडबूड ऐकू यायची, टिंग वाजायचं, आणि मग आत्यांचा आवाज, “ये आता, बघ.”

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी कांदा चिरून वाटीत ठेवला, परळ जाळीवर ठेवलं, रेग्युलेटर काढला. आत्या समोरच होत्या. “राहू दे तितंच,” कपाटाकडे हात करून म्हणाल्या, “मला न्हाई लागत ते.”

मधल्या सुट्टीत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. चौथ्यांदाही तेच. नवरा टेम्पो घेऊन चाकणला गेलेला. मोठ्या बाईंना सांगितलं आणि स्कूटर काढली.

त्या दिवशी हिंजवडीच्या चौकात जे अडकले ते कधी विसरणार नाही. पुढे कंपन्यांच्या कॅब, मागे टँकर, पावसाने रस्त्यावर नुसता राडा. मी काय काय बघितलं डोळ्यांसमोर! पदर ओव्हनमध्ये अडकलेला. खुर्ची उलटलेली. मीच त्यांना हे शिकवलं होतं, नवरा नको म्हणत असताना. त्याला मी काय तोंड दाखवणार, इथपर्यंत माझी मजल गेली. जो रस्ता दहा मिनिटांत संपतो त्याला पाऊण तास लागला.

पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि भाजलेल्या तिळाचा, कांद्याचा वास आला. करपल्याचा नव्हता. स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं, ओव्हन बंद, परळात अर्धं थालीपीठ, आणि ओट्यावर एका ताटलीत थोडं दही उरलेलं. खुर्ची सरळ उभी होती. फोन खुर्चीवरच्या उशीखाली गुरगुरत होता, कारण तेवढ्यात माझ्याच खिशातल्या फोनवर चुकून पुन्हा बटण दाबलं गेलं होतं. आत्या मात्र कुठेच नव्हत्या.

“आत्या!” मी ओरडले.

“काय गं? हितं हाय मी.”

आवाज मागून आला. त्या मिरच्यांच्या ओळीत उभ्या होत्या, काठी काखेत दाबून, डाव्या हाताने मिरच्या तोडून ओच्यात टाकत होत्या. तोंडावर ऊन-सावली. पाऊस घटकाभर उघडला होता.

“ह्या चिखलातनं का आलीस? शाळा सुटली व्हय?”

मी धुण्याच्या दगडावर बसले, हेल्मेट डोक्यावर तसंच. तिथेच रडायला लागले.

“रडतीस कशापाई?” आत्या जवळ आल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “खाल्लं न्हाईस वाटतं सकाळपास्नं. चल आत. तुझ्यापायी निम्मं ठिवलंय.”

मी ते खाल्लं, हेल्मेट काढून, ओट्याला टेकून उभ्या उभ्या. अजून कोमट होतं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“मीठ जरा जास्त झालंय का?” त्यांनी विचारलं.

“झालंय थोडं,” मी म्हटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

“झालंयच,” त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग मीही. संध्याकाळी नवरा आल्यावर आम्ही त्याला फोनचं काही सांगितलं नाही, फक्त थालीपीठ कसं झालं ते सांगितलं. फोनचं त्याला कळलं ते बऱ्याच दिवसांनी, आणि तोवर त्याचीही भीती गेली होती. फोन मात्र मी आत्यांच्या गळ्यात दोरीने अडकवला. त्याला त्यांनी गुरं बांधल्यासारखं वाटतं अशी कुरकुर केली, पण काढला नाही.

मग परळ रोजचंच झालं. सकाळी मी त्यात शेंगदाणे, तीळ नाहीतर किसलेलं सुकं खोबरं भाजून घेते. उलथनं फिरवत उभं राहावं लागत नाही, तेवढ्यात माझी वेणी होते. मिरच्या आणि लसूण तेल लावून त्यात भाजले की ठेच्याला चव येते आणि घरभर खोकला उठत नाही. मागच्या पट्टीतलं वांगं टोचे मारून ठेवलं की भरतासाठी सालासकट मऊ होतं, फक्त चुलीच्या धुराचा वास त्याला येत नाही, आणि ते आत्यांना दर वेळी खटकतं. कोथिंबीर वडीचं मिश्रण आत्या त्यातच कालवून थापतात. पूर्वी वाफवून मग तळायच्या, आता तेल लावून भाजून काढतात आणि डॉक्टरांना सांगायला बरं पडतं. पौडहून माझ्या भावाने आणलेल्या इंद्रायणीचा रात्रीचा भात उरला तर दही, आलं, मिरची, थोडं बेसन घालून त्याचा जाड थर भाजायचा. तो नवऱ्याचा आवडता. दूध-अंड्याचं, गुळाचं एक गोड सुद्धा त्यांनी शोधून काढलं आहे, त्याला नाव नाही. परळात मावतं तेवढंच होतं सगळं. तिघांना पुरतं, आणि उरत नाही. मागे मोठाल्या पातेल्यांत स्वयंपाक करणाऱ्या आत्यांना हे सुरुवातीला लाजिरवाणं वाटायचं. आता त्याच सांगतात की उरवून कुणाला घालायचंय.

वीज गेली तर? ती जातेच. पहिल्यांदा थालीपीठ निम्मं झालं असताना गेली तेव्हा आत्यांनी दार न उघडता तसंच राहू दिलं. परळाने धरून ठेवलेल्या उष्णतेवर ते शिजलं. फक्त गॅसवर परळ ठेवायचं नाही, तडकतं. आणि गरम असताना गार पाणी लावायचं नाही. हे दोन नियम आत्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलेत की ते भांडं मी त्यांना दिलं नव्हतं, त्यांनीच मला आंदण दिलं आहे असं वाटावं.

जुलैत एके दिवशी घाईत मी रेग्युलेटर काढायला विसरले. संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं. आत्यांनी त्याला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच काढला नाही. त्यानंतर तो कपाटावर गेला नाही. आत्यांचं वजन वाढलं, चोळीची बाही पुन्हा दंडाला घट्ट बसायला लागली. उजव्या हाताची बोटं अजून पुरती वळत नाहीत, पण पीठ भिजवताना तो हात त्या परळाच्या कानावर नुसता ठेवतात. डॉक्टर म्हणाले, ठेवू द्या, चेंडूपेक्षा बरं.

गणपती झाल्यावर मला ताप आला. चांगला चार दिवसांचा. नवऱ्याने दोन दिवस बाहेरून खिचडी आणली, ती मला जाईना. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि मी बाहेरच्या खोलीत पांघरूण घेऊन पडले होते. ग्लानीत मला आतून खुडबूड ऐकू येत होती. मग टिंग वाजलं. बऱ्याच वेळाने आत्यांची हाक आली.

“उठ गं. हितंच ये. मला तितवर आणता यायचं न्हाई.”

मी भिंत धरत गेले. आत्यांनी ओव्हनशेजारी त्यांची खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती आणि स्वतः पिठाच्या डब्यावर बसल्या होत्या. परळात मऊ भात होता, मुगाच्या डाळीसकट, वर तुपाचा ठिपका विरघळत चाललेला, कडेला भाजलेली लसणाची पाकळी. त्यांनी डाव्या हाताने चमचा माझ्या हातात दिला.

“ताट कशाला? ह्यातनंच खा. गार होत न्हाई.”

मी खाल्लं. तीन दिवसांत पहिल्यांदा तोंडाला चव आली. आत्या समोर बसून, गुडघ्यावर हात ठेवून, मी किती खाते ते बघत होत्या, आणि मला बऱ्याच दिवसांनी कुणाचीच काळजी करायची नव्हती. निम्मं संपवून मी चमचा खाली ठेवला तेव्हा त्यांनी परळ हळूच माझ्याकडे सरकवलं.

“अजून दोन घास,” त्या म्हणाल्या. “मग झोप.”